मंद प्रकाश: अतिशीत अणूंवाचूनही

प्रकाश मंद करायचा तर भौतिकशास्त्रज्ञ लेने हाऊ यांनी १९९९ साली वापरले तसे अतिशीत सोडियमचे अणूच लागतात, ही समजूत पूर्ण बरोबर नाही. आयबीएमच्या युरी व्लासोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००५ साली, सिलिकॉनच्या पातळ थरात ठरावीक अंतरावर सूक्ष्म छिद्रे पाडून मधली एक ओळ कोरी ठेवली आणि त्या वाटेने जाणाऱ्या प्रकाशाचा समूहवेग (प्रकाशाचा छोटा झोत, म्हणजे स्पंद, ज्या वेगाने पुढे सरकतो तो) ३०० पटींहून अधिक घटवला. शिवाय विजेने सिलिकॉन किंचित तापवले की त्याचा अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती मंदावतो ते सांगणारा आकडा) बदलतो आणि वेग कमी-जास्त करता येतो. (फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, काही दमत नाहीत, मंदावतो तो स्पंद.) खरी अडचण अशी की वेग जितका कमी, तितका छिद्रांच्या खडबडीत कडांवरून प्रकाश अधिक विखुरतो आणि उपयोगी तरंगलांबींचा पट्टाही अरुंद होत जातो.