वजनाच्या आकड्याआधी जुने कागद बघा
३८व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळ ३.९ किलो दिसलं, म्हणून "पहिलं सिझर, आता दुसरंही सिझरच" असं तुम्हाला सांगितलं, हे वाचून जीव कळवळला. नुसत्या त्या आकड्याने खचून जाऊ नका. सोनोग्राफीतला वजनाचा अंदाज १०-१५ टक्के इकडेतिकडे होतो. माझ्या दुसऱ्या खेपेला ३.८ सांगितलेलं बाळ ३.४ भरलं.

आधी पहिल्या ऑपरेशनचे कागद शोधा. पोटावरची आडवी खूण बघून काही कळत नाही. गर्भाशयावरचा छेद खालच्या भागात आडवा होता की वर उभा, ते ऑपरेशनच्या नोंदीत असतं. वर उभा असेल तर कळांची वाट बघायचीच नाही. खालचा आडवा, एकच छेद असेल, तर आपणहून सुरू झालेल्या कळांमध्ये तो उसवण्याचा धोका साधारण २०० मध्ये १. कळा औषधाने आणल्या तर तो वाढतो. बाळ खरंच ४ किलोच्या वर असेल तर नॉर्मल होण्याची शक्यता कमी होते, हेही मान्य करायला हवं. त्यात तुमची साखर वाढलेली असेल तर बाळाचा खांदा अडकायची भीती जास्त. तिथे मी हट्ट केला नसता.

आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा: रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ, रक्त आणि थिएटर लगेच मिळेल का? भूलतज्ज्ञ बाहेरून येणार असतील तर मोठं हॉस्पिटल आत्ताच गाठा.

पहिलं सिझर कशासाठी झालं होतं? बाळ पायाळू होतं म्हणून असेल, तर आशा बरीच जास्त आहे.