चोखणी: आमचा अनुभव

सव्वा महिन्याच्या बाळाला चोखणी (नुसती चोखायला द्यायची रबरी बोंडी, म्हणजे पॅसिफायर) द्यावी का, असं इथे कुणीतरी विचारलंय आणि बहुतेकांनी ‘अजिबात नको’ म्हटलंय. मी इतकी ठाम नाही. अंगावरचं दूध नीट सुरू झालं असेल, वजन वाढत असेल, तर साधारण महिन्यानंतर झोपवताना द्यायला हरकत नाही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर झोपेत बाळ अचानक दगावण्याचा धोका कमी होतो म्हणून ती द्यायला सांगते. झोपेत तोंडातून पडली तर मात्र परत कोंबायची नाही.

आमच्याकडे खरा घोळ स्वच्छतेचा. खाली पडली की सासूबाई पदराला पुसून परत तोंडात! एकदा तर मधात बुडवून दिली. वर्षाच्या आत मध नकोच, बोट्युलिझम (जंतूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार) होऊ शकतो. हे डॉक्टरांकडूनच वदवून घ्यावं लागलं. मग तीन चोखण्या आणल्या, रोज उकळायच्या. दोरीने गळ्यात अडकवू नका, फास बसू शकतो.

आणि दर रडण्याला चोखणी नको. भुकेलं बाळसुद्धा चोखत गप्प पडून राहतं, पाजायची वेळ टळते.

लेकीची दीड वर्षांनी सुटली, तीही हरवली म्हणून. दोन रात्री रडली, तिसऱ्या रात्री माझ्या गाऊनचं बटण धरून झोपली.