विहिरींच्या पाण्याचा अभ्यास झाला, अहवालही दिला. आता तो निर्णयापर्यंत कसा पोचवायचा?

विहीरकाठ

महाविद्यालयातर्फे एका तालुक्यातल्या तीस गावांतल्या सार्वजनिक विहिरी, हातपंप आणि नळांच्या पाण्याची मे महिन्यात तपासणी झाली. प्रत्येक गावात वीस घरं निवडून पाच वर्षांखालच्या मुलांच्या जुलाबाचीही नोंद घेतली. बऱ्याच विहिरींत नायट्रेट लिटरला 45 मिग्रॅच्या वर आहे आणि टाकीपासून लांबच्या नळांना क्लोरीन सापडत नाही. 140 पानांचा अहवाल कार्यालयात सादर केला, पोच मिळाली, पुढे काहीच हललं नाही.

विचारायचं आहे ते असं. अहवाल नेमका कुणाकडे आणि कोणत्या रूपात द्यावा? पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी करून "जुलाब कमी झाले" असं दाखवता आलं तर वजन पडेल का? आणि गावकऱ्यांना हे कधी, कसं सांगावं?

पंपघर

140 पानांवर कुणालाच "मंजूर" असं लिहिता येत नाही, अडचण तिथेच आहे. कार्यालयात कागद हलतो तो टिपणीवर, आणि टिपणीच्या शेवटी "मान्यतेस्तव" काय मागितलंय ते स्पष्ट असावं लागतं. तुमच्या अहवालात एकच मागणी नाही, तीन-चार वेगवेगळ्या माणसांच्या अखत्यारीतल्या गोष्टी एकत्र बांधल्यात. त्या वेगवेगळ्या करा.

क्लोरीन हा ग्रामपंचायतीचा विषय. रोजचं काम जलसुरक्षकाचं, देखरेख ग्रामसेवकाची, तपासणी आरोग्य विभागाची. त्याला नवा निधी जवळजवळ लागत नाही. नायट्रेट म्हणजे स्रोत बदलणं किंवा दुसऱ्या पाण्यात मिसळणं. त्यासाठी ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचा कार्यकारी अभियंता आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणा लागते. उकिरडे आणि शोषखड्डे विहिरीपासून हलवणं हे ग्रामसभेचं काम. प्रत्येकाला दोन पानं, त्याच्याच कामापुरती: गावाचं नाव, स्रोताचा क्रमांक, मोजमाप, मर्यादा, काय करायचं, अंदाजे किती खर्च, खर्चाच्या कोणत्या शीर्षातून. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात 60 टक्के बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच ठेवला होता. असं शीर्ष नेमकं दाखवलंत की "निधी नाही" हे उत्तर देणं अवघड होतं.

वेळही बघा. ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक हिवाळ्यात आकार घेतं, जिल्हा परिषदेचं मार्चमध्ये मंजूर होतं. तुमचे निष्कर्ष सप्टेंबरअखेर टेबलावर हवेत. एप्रिलमध्ये दिलेला उत्तम अहवाल वर्षभर बसून राहतो.

आता मोजमापाबद्दल, कारण अभियंता पहिलं बोट तिथेच ठेवणार. प्रयोगशाळेने नायट्रेट कशाच्या रूपात दिलंय ते तपासा. भारतीय मानक आयएस 10500 ची 45 मिग्रॅ प्रति लिटर ही मर्यादा पूर्ण नायट्रेटची आहे. काही अहवालांत "नायट्रेट-नायट्रोजन" असतं, त्याला 4.43 ने गुणावं लागतं. म्हणजे 12 हा आकडा निरुपद्रवी वाटतो, पण नायट्रोजनच्या रूपात असेल तर तो 53 होतो. उलटी चूकही होते आणि चांगली विहीर बाद ठरते. मर्यादेबाहेर गेलेल्या स्रोतांचे नमुने भूजल यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत फेरतपासणीला द्या. त्यांच्या शिक्क्याचा आकडा नाकारणं शासनाला अवघड जातं. नमुना बर्फाच्या पेटीतून, दोन दिवसांच्या आत.

क्लोरीन मात्र जागेवरच मोजायचा, बाटलीत भरून नेलेल्या पाण्यातला क्लोरीन वाटेतच संपतो. ओटीचे (ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे) थेंब टाकून पिवळी झाक लगेच पट्टीशी ताडायची, शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिग्रॅ हवा. टाकीला आहे आणि टोकाला नाही, असं असेल तर नुसतं "क्लोरीन नाही" लिहू नका, कारण शोधा. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ताजी असताना क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतो. हजार लिटरला 5 ग्रॅम टाकली की लिटरमागे 1.65 मिग्रॅ मिळतो. तीच पावडर उघड्या पोत्यात राहून 20 टक्क्यांवर आली की 1 मिग्रॅच मिळतो, आणि तो वाटेतच खर्ची पडतो. पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबून पाणी सोडायचं असतं, तेही घाईत राहतं. दुसरं कारण व्हॉल्व्हचे खड्डे. पाणी दिवसाआड सुटतं, मधल्या वेळात नळी रिकामी असते, खड्ड्यात साचलेलं गढूळ पाणी सैल जोडातून आत ओढलं जातं आणि पुढच्या सोडतीचा सगळा क्लोरीन त्यातच जिरतो. कोणत्या व्हॉल्व्हचा खड्डा भरलेला आहे हे नकाशावर दाखवलंत तर ते दुरुस्तीचं काम होतं, आणि दुरुस्तीवर सही लवकर मिळते.

आकडेमोड

"पुढच्या वर्षी जुलाब कमी झाले असं दाखवू" या बेतावर विसंबू नका.

तीस गावांत प्रत्येकी वीस घरं म्हणजे 600 घरं, पण ती 600 स्वतंत्र घरं नाहीत. एका गावातली घरं एकच पाणी पितात, त्यामुळे त्यांची उत्तरं एकमेकांसारखी येतात. गावांतर्गत साधर्म्याचा गुणांक समजा 0.05 धरला, तर 1 + (20 − 1) × 0.05 म्हणजे 1.95. 600 ला 1.95 ने भागलं की तुमची 600 घरं माहितीच्या दृष्टीने सुमारे 308 घरांएवढीच. गावं वाढवली की अभ्यासाची ताकद वाढते, गावातली घरं वाढवून फारशी नाही. पुढच्या फेरीत साठ गावं, प्रत्येकी दहा घरं घेतलीत तर मेहनत थोडी वाढेल, पण 1.95 चा हा भाजक 1.45 वर येईल.

दुसरं, जुलाबाची आठवण. "गेल्या दोन आठवड्यांत" विचारतात ते उगाच नाही, त्यापलीकडचं आईला नीट आठवत नाही. तुमची मोजणी मे महिन्यातली. पुढची डिसेंबरात केलीत तर आकडा आपोआप बदलेल, त्यात तुमच्या कामाचा काही वाटा नसेल. पहिल्या पावसानंतरचे आठवडे वेगळे, उन्हाळा वेगळा, हिवाळा वेगळा. तोच महिना, तीच प्रश्नावली, शक्यतो तेच प्रगणक.

तिसरी चूक सगळ्यात जास्त होते. सर्वांत वाईट आकड्याची पाच गावं निवडून तिथेच काम करायचं आणि वर्षाने सुधारणा दाखवायची. ज्या गावाचा आकडा एका वर्षी टोकाला गेला तो पुढच्या वर्षी बहुधा खाली येतोच, काहीही न करता. म्हणून तशीच काही गावं तुलनेसाठी ठेवा आणि दोन्हीकडे सारखंच मोजा. क्लोरीनची शिस्त टप्प्याटप्प्याने लावायची असेल तर कोणत्या गावात आधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळ्यांना मिळतंच, फक्त क्रम चिठ्ठीने, त्यामुळे ग्रामपंचायतींनाही ते पटतं.

बालमृत्यू दर तर गावनिहाय काढूच नका. 1500 वस्तीच्या गावात हजारी 16 च्या जन्मदराने वर्षाला 24 बाळं जन्मतात. एक मृत्यू झाला की दर 42, दोन झाले की 83, एकही नाही तर शून्य. या उड्यांत पाण्याचा काही संबंध सापडणार नाही, पण वर्तमानपत्रात मथळा होईल आणि सरपंच तुम्हाला पुन्हा गावात घेणार नाही. तुमच्या प्रश्नाला जुलाबापेक्षा थेट मापन बरं: शेवटच्या नळाला 0.2 किंवा जास्त क्लोरीन किती दिवस मिळाला. ते कारणाच्या जवळ आहे, रोज मोजता येतं, आणि ज्याच्या हातात दुरुस्ती आहे त्यालाच दिसतं.

आरोग्यवाट

वरच्या दोघांच्या म्हणण्याला गडचिरोलीचं उदाहरण जोडते, कारण अभ्यासातून देशाचं धोरण घडल्याचं याहून स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात शोधावं लागेल.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली आणि 47 गावं तुलनेला ठेवली. दोन्हीकडे जन्म आणि मृत्यू सारख्याच काटेकोरपणे नोंदवले. काम करणाऱ्या बायका गावातल्याच, त्यांना आरोग्यदूत म्हणत. निष्कर्ष 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्के घट. याच लेखात खर्चही होता, दर बाळामागे 5.3 डॉलर. आरोग्य सचिवाचा पहिला प्रश्न "किती कमी झालं" हा नसतो, "आमच्याकडे हे कोण करणार आणि कितीत" हा असतो. दोन्हींची उत्तरं त्यांच्याकडे तयार होती.

"कोण करणार" हे कशावर ठरतं? त्याआधी बालन्यूमोनियावर काम करताना तिथे श्वास मोजायचं एक साधं साधन वापरलं गेलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटात 60 किंवा जास्त श्वास हे धोक्याचं लक्षण, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40. साठपर्यंत सलग मोजायची सवय नसलेल्या बाईलाही मण्यांवरून कळतं. संशोधनातली सगळ्यात अवघड पायरी अशी हाताला जमेल इतकी सोपी केली, तेव्हाच ती कार्यक्रमात बसली.

तरी घरोघरी नवजात काळजीचा राष्ट्रीय कार्यक्रम यायला 2011 उजाडलं. मधल्या काळात आशा कार्यकर्त्यांची फळी उभी राहिली, म्हणजे ज्या हातांनी हे काम व्हायचं ते हात आधी तयार झाले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी (3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी), घरी जन्मलेल्याला पहिल्या दिवसाची धरून सात, आणि सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर आशाला 250 रुपये. विस्तारात काम पातळही झालं. गडचिरोलीत प्रशिक्षण लांब आणि देखरेख दाट होती. देशभर भेटींचा आकडा भरणं सोपं आणि भेटीत बाळाचं वजन, तापमान नीट पाहणं अवघड ठरतं. तुमचा प्रयोग तालुक्यात यशस्वी झाला तर त्यातला कोणता भाग पातळ झाला तरी चालेल आणि कोणता अजिबात नाही, हे अहवालात स्पष्ट लिहा. नाहीतर विस्तार करताना सगळ्यात आधी देखरेखच गळते.

एक पुरवणी: अभ्यास आपल्या मनाने करून मग खपवण्यापेक्षा कार्यालयाकडून मागणी घेऊन करणं सोपं. उन्नत महाराष्ट्र अभियानाचा 2016 चा शासन निर्णय त्यासाठीच आहे, स्थानिक महाविद्यालयांनी जिल्ह्याच्या प्रश्नांवर अभ्यास करावा म्हणून. मागणीचं पत्र असलं की अहवाल जमा होतो तेव्हा त्याची नस्ती आधीच उघडलेली असते.

चावडी

गावकऱ्यांना आधी सांगा, कार्यालयाला नंतर किंवा त्याच दिवशी. आपल्या विहिरीचा आकडा लोकांना बातमीतून कळला तर पुढची दहा वर्षं त्या गावात कुणाला अभ्यास करता येणार नाही.

पहिली भेट सरपंच, ग्रामसेवक, आशा आणि जलसुरक्षक यांच्याशी. मग महिला सभा. नियमित ग्रामसभेआधी ती घेणं महाराष्ट्रात कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि पाणी भरणाऱ्या तिथेच असतात. कोणत्या विहिरीचं पाणी कशाला वापरतात, हे तुमच्या प्रश्नावलीपेक्षा तिथे जास्त कळेल. नंतर ग्रामसभा. तक्ते नकोत, गावाचा नकाशा मोठ्या कागदावर, प्रत्येक स्रोताला हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका. ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्वच्छता सर्वेक्षणात त्याच रंगांची कार्डं मिळतात, त्यामुळे वेगळं समजवावं लागत नाही. मात्र कार्डाचा रंग आणि नायट्रेटचा ठिपका या वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगा. हिरवं कार्ड असलेल्या गावातही नायट्रेट जास्त असू शकतं.

जुलाबाची घरनिहाय माहिती नकाशावर चुकूनही टाकू नका. वीसच घरं आहेत, कुणाचं कोणतं हे गाव लगेच ओळखतं.

ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्या, त्याची प्रत पंपघर म्हणतात त्या दोन पानांना जोडा. ग्रामसभेचा ठराव जोडलेला कागद निराळाच चालतो.

विहीरकाठ

सगळ्यांचे आभार. एक अडलंय. ज्या गावात नायट्रेट जास्त आणि दुसरा स्रोत आहे, पण तो अपुरा, तिथे उन्हाळ्यापुरतं तरी काय सांगायचं? लोक म्हणतात, उकळून पिऊ.

पंपघर

उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. टीसीएलनेही जात नाही. हे वाक्य महिला सभेत दोनदा सांगा. सर्वाधिक धोका सहा महिन्यांखालच्या, वरच्या दुधावर असलेल्या बाळांना, कारण भुकटी त्याच पाण्यात कालवली जाते. त्या घरांना चांगल्या स्रोताचं पाणी आधी पोचावं, ती यादी आशाकडे असते.

बाकी गावाला टाकीत मिसळून देता येईल का ते बघा. समजा वाईट विहीर 80, चांगली 20, आणि टाकीत 40 हवं. एक भाग वाईट, दोन भाग चांगलं: (80 + 20 + 20) भागिले 3 बरोबर 40. म्हणजे 30,000 लिटरच्या टाकीत आधी चांगल्या विहिरीचं 20,000, मग वाईट विहिरीचं 10,000. दोन्ही पंपांना मीटर नसेल तर टाकीच्या आतल्या भिंतीवर रंगाने दोन रेघा मारून घ्या, पंप चालवणाऱ्याला तेवढं पुरतं. चांगल्या विहिरीचं पाणी एप्रिलनंतर तितकं पुरतं का, हे मात्र पंप किती तास चालतो आणि पातळी किती वेळात भरते हे आठवडाभर मोजूनच ठरवा. पुरत नसेल तर प्रमाण बदलू नका, नळांना तेवढं पाणी कमी द्या आणि धुण्या-भांड्याला वाईट विहिरीचं वेगळं सोडा. त्या विहिरीच्या कठड्यावर "पिण्यास अयोग्य" असं ठळक रंगवून घ्या.