पीसी८१७ चालेल, पण खाऱ्या हवेचं बघा

मायक्रोकंट्रोलरला लाईट आहे की गेली हे कसं कळवायचं यावर इथे पीसी८१७ सुचवलाय. हा ऑप्टोकप्लर, म्हणजे आतल्या एलईडीच्या उजेडाने निरोप पोचवून २३० व्होल्टची बाजू मायक्रोकंट्रोलरपासून वेगळी ठेवणारा भाग. एवढ्या कामाला तो पुरतो हे मान्य, पण त्याच्या एलईडीला १०० केचा (किलो-ओहमचा) एकच पाव वॅटचा रेझिस्टर लावू नका हो, २३० व्होल्टला त्यात अर्ध्या वॅटहून जास्त उष्णता होते आणि पीक ३२५ व्होल्टपर्यंत जातं, साध्या पाव वॅटवाल्याला ते झेपत नाही. ४७ केचे दोन, अर्ध्या वॅटचे, सिरीजमध्ये. आतल्या एलईडीला उलटं व्होल्टेज फक्त ६ व्होल्ट चालतं म्हणून तिला उलटा १एन४१४८ डायोड जोडायचाच.

या चर्चेत एक गोष्ट कुणीच लिहिली नाही, ती म्हणजे आपली हवा. इकडे वेंगुर्ल्याला विहिरीवरच्या पंपाच्या पेटीत बोर्डावर मिठाचा थर बसतो आणि जून लागला की तो ओला होऊन दोन्ही बाजूंमध्ये करंट झिरपायला लागतो, मग आयसोलेशन (दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणं) कागदावरच राहतं आणि हात लावणाऱ्याच्या जिवाशी खेळ होतो, म्हणून ऑप्टोच्या पोटाखालून बोर्डाला आरपार खाच पाडा, बोर्ड स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा आणि वरून कॉन्फॉर्मल कोटिंग (बोर्डासाठीचा ओल रोखणारा लेप) मारा, नेलपॉलिशवर भागवू नका. पुलअप (मायक्रोकंट्रोलरची पिन एरवी वर धरून ठेवणारा रेझिस्टर; लाईट असली की ऑप्टो ती खाली ओढतो) पण १०० केचा नको, १० केचा घ्या, नाहीतर ओलीतल्या गळतीनेच पिन खाली ओढली जाते आणि लाईट नसताना आहे असं दिसतं. प्रोग्राममध्ये पल्स दर २० मिलिसेकंदांनी येणार, तेव्हा ६० मिलिसेकंद काहीच आलं नाही तरच लाईट गेली धरा.