डायवाल्या सीटी स्कॅननंतर आईचं थायरॉइड वाढलं – मदत हवी आहे

नमस्कार, सांगलीहून लिहितेय. आई ६७ वर्षांची. गळ्यात थायरॉइडच्या गाठी बऱ्याच वर्षांपासून आहेत, पण थायरॉइडची गोळी कधी लागली नाही. दिवाळीत टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी; थायरॉइड वाढलं की हा आकडा उतरतो) १.९, म्हणजे नॉर्मल होता. जानेवारीत पोटदुखीसाठी मिरजेत सीटी स्कॅन केला, शिरेतून डाय देऊन. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघितलं, अ‍ॅलर्जी विचारली. गळ्याचं कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. ते मनाला फार लागलंय.

पाचेक आठवड्यांनी तिचे हात कापायला लागले. भाकरी थापता थापता मोडायची. धडधड, झोप नाही, वजन तीन किलोनं उतरलं. आम्हाला वाटलं, दुखण्याची धास्ती घेतलीय. शेवटी रक्त तपासलं: टीएसएच ०.०३, फ्री टी४ (थायरॉइडचं हार्मोन) वाढलेला.

डॉक्टर म्हणाले, हे डायमधल्या आयोडीनमुळं. १०० मिलिलिटर डायमध्ये साधारण ३० ग्रॅम आयोडीन असतं. बहुतेक सगळं रेणूत बांधलेलं असतं आणि लघवीवाटे जातं, पण सुटा होणारा किंचित भागही पुष्कळ झाला, कारण माणसाची दिवसाची गरज फक्त १५० मायक्रोग्रॅम. निरोगी ग्रंथी आयोडीन फार झालं की काही दिवस हार्मोन बनवणंच थांबवते. काही गाठींना हा लगाम नसतो, मिळेल तेवढ्याचं हार्मोन करत सुटतात.

आता थायरॉइडचा स्कॅन करावा तर ग्रंथी आयोडीननं भरलेली, महिना-दोन महिने तो नीट येणार नाही म्हणे. त्यात एप्रिलमध्ये पोटाचा सीटी पुन्हा डाय देऊन सांगितलाय. करावा का? एमआरआयवर भागेल का? कुणाच्या घरी असं झालंय का, किती दिवसांत उतरलं?

प्रतिसाद:
ताई, माझ्या सासऱ्यांना अँजिओग्राफीनंतर हेच झालं होतं. आधी ईसीजी काढा, त्यांची नाडी अनियमित निघाली होती. टीआरएबी ही रक्ततपासणी विचारा. तिला डायची अडचण येत नाही आणि ग्रेव्हज (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला चेतवते तो आजार) आहे का ते कळतं. धडधडीसाठी त्यांना प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं, पण आईंना दमा असेल तर आधी सांगा. कार्बिमाझोल (थायरॉइडचं हार्मोन कमी करणारी गोळी) लागलं नाही, चार महिन्यांत टीएसएच जागेवर आला. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही. एमआरआयच्या डायमध्ये आयोडीन नसतं, पण पोटासाठी तो चालेल का हे पोटाच्या आणि थायरॉइडच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलून ठरवू द्या.

धागाकर्ती:
आईला दमा आहे! बरं झालं सांगितलंत. उद्या सकाळीच ईसीजी काढून घेते.