मदत हवी आहे: अँटिबायोटिकमुळे मोतीबिंदू होतो का? आईचे थेंब बंद करू का?

नमस्कार मंडळी,

आईला (वय 58) दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं महिन्याभरापूर्वी कळलं. उजव्यात जास्त. वयानुसार होतोच म्हणून आम्ही गप्प बसलो असतो, पण काल मामाने घरच्या ग्रुपवर एक जुनं कात्रण टाकलं: 'अँटिबायोटिक आणि मोतीबिंदूचा संबंध उघड'. खाली अल्झायमर, उंदीर, तांबं, जस्त असं बरंच काही. मला निम्मंही कळलं नाही, पण पोटात गोळा आला.

कारण असं की गेली दीड-दोन वर्षं डोळे लाल झाले, चुरचुरले की आई अँटिबायोटिकचे थेंब घालते. पहिल्यांदा डॉक्टरांनी सात दिवसांसाठी दिले होते. पुढे तीच चिठ्ठी दाखवून बाटल्या येत राहिल्या. चूक आमचीच आहे, त्यावर ओरडून झालंय घरात.

आणखी एक कोडं. भर उन्हात किंवा समोरून गाडीचा दिवा आला की तिला काही दिसत नाही, मात्र संध्याकाळी मंद उजेडात बरं दिसतं. आजीला मोतीबिंदू होता तेव्हा तिला उलट जास्त उजेड लागायचा.

पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. तोवर थेंब बंद करू का? आणि ऑपरेशनच्या वेळी अँटिबायोटिक देतात म्हणे, ते तरी चालेल ना? 'थेंबांनी मोतीबिंदू विरघळवा'वाले दुवे कृपया नकोत, ते मामा पुरवतोच.

– सांजवारा

कडुलिंब:
कात्रणात अल्झायमर, तांबं आणि जस्त असेल तर ते अँटिबायोटिक क्लिओक्विनॉल असणार. त्यात दोन वेगवेगळी संशोधनं एकत्र कालवलेली दिसतात. 2001 मध्ये अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांना क्लिओक्विनॉल दिलं, तर नऊ आठवड्यांत अल्झायमरमध्ये (विसरभोळेपणाच्या आजारात) मेंदूत साचणाऱ्या बीटा-अमायलॉइड प्रथिनाचा साठा जवळजवळ निम्म्यावर आला. हे औषध तांबं आणि जस्त धरून ठेवतं, आणि त्या धातूंमुळेच प्रथिनाच्या गुठळ्या टिकतात, असा तर्क होता. मग 2003 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं की अल्झायमरच्या रुग्णांच्या डोळ्यातल्या भिंगाच्या कडेलाही तेच प्रथिन आणि एक वेगळ्या प्रकारचा मोतीबिंदू सापडला. पुढे इतर संशोधकांनी भिंगं तपासली तेव्हा त्यांना ते प्रथिन दिसलं नाही, ही गोष्ट वेगळी.

म्हणजे 'संबंध' होता तो भिंगातल्या त्याच प्रथिनाच्या गुठळ्या या औषधाने विरघळवण्याचा. औषधाने मोतीबिंदू झाला असं कुणी म्हटलेलंच नाही. मथळा वाचून अर्थ उलटा लागला.

तरी क्लिओक्विनॉल साधुसंत नाही बरं का. पूर्वी ते जुलाबावर सर्रास दिलं जाई. जपानमध्ये त्यामुळे हजारो लोकांचे पाय लुळे पडले, काहींची नजर गेली, आणि 1970 मध्ये तिथे त्यावर बंदी आली. पण तिथे इजा झाली दृष्टीच्या नसेला. भिंग गढूळ होणं हा वेगळा प्रकार.

अर्धा_चष्मा:
कात्रण सोडा. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा आणि इथे लिहा. एकच औषध आहे की दोन?

सांजवारा:
भिंग घेऊन वाचलं. मॉक्सिफ्लॉक्सासिन 0.5 टक्के, त्याखाली डेक्सामेथासोन 0.1 टक्के. आम्ही सगळे याला 'अँटिबायोटिकचे थेंब'च म्हणत होतो.

अर्धा_चष्मा:
वाटलंच होतं. यातलं मॉक्सिफ्लॉक्सासिन अँटिबायोटिक, पण डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. लाली झटकन जाते ती त्याच्यामुळे, म्हणून तर ही बाटली घरोघर लाडकी. स्टेरॉइड आणि मोतीबिंदूचं नातं मात्र जुनं आणि पक्कं आहे. 1960 मध्येच संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांमध्ये ते दिसलं होतं, आणि थेंबांनीही तसं होतं.

तुमच्या कोड्याचं उत्तरही बहुधा इथेच आहे. स्टेरॉइडचा मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या पापुद्र्याशी, बरोबर मधोमध धरतो. प्रखर उजेडात बाहुली आकसते आणि पाहायला नेमका तो डागच उरतो. मंद उजेडात बाहुली मोठी होते, डागाच्या बाजूने वाट मिळते. आजीचा प्रकार वेगळा असणार. अर्थात आईंचा याच जातीचा आहे की नाही, ते डॉक्टरच पाहून सांगतील.

खरी काळजी दुसरीच आहे. स्टेरॉइडने काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. मोतीबिंदूचं भिंग बदलता येतं, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. सुरुवातीला दुखत नाही, कळतही नाही. पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका. आजच फोन करा, किती महिने, दिवसातून किती वेळा, सगळं सांगा आणि दाब कधी मोजता विचारा. थेंब थांबवायचे की हळूहळू कमी करायचे हेही त्यांनाच विचारा. डोळ्याच्या आत सूज असेल तर एकदम बंद केल्याने ती उसळू शकते.

कडुलिंब:
मॉक्सिफ्लॉक्सासिनबद्दलही कुणी घाबरवेल म्हणून आधीच लिहितो. 2012 मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला मागचा पडदा) सुटण्याचं प्रमाण साडेचारपट दिसलं. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमध्ये सुमारे साडेसात लाख वेळा दिलेल्या औषधांची नोंद तपासली, तर तसं काही आढळलं नाही. दोन्ही अभ्यास पोटात घ्यायच्या औषधांचे, तुमच्या थेंबांचे नव्हेत, आणि विषय मोतीबिंदूचाही नाही.

ऑपरेशनच्या वेळचं अँटिबायोटिक मुळीच टाळू नका. युरोपात सोळा हजारांवर रुग्णांवर झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात सेफ्युरॉक्झिम हे अँटिबायोटिक दिल्यावर आतल्या जंतुसंसर्गाचं प्रमाण साधारण पाचपट कमी झालं होतं. ऑपरेशननंतर काही आठवडे स्टेरॉइडचे थेंबही देतील. मोजून दिलेले आणि वेळेवर थांबवलेले असतात, त्यांना घाबरू नका.

सांजवारा:
फोन झाला. उद्या सकाळीच बोलावलंय, आधी दाब मोजणार आहेत. तोवर थेंब घालू नका म्हणाले, आणि रिकाम्या बाटल्या असतील तर त्याही आणा. कपाटात पाच निघाल्या. आई म्हणते, "अगं, मी काय दारू पीत होते का?" मामाला अजून काही सांगितलेलं नाही.