शब्दचर्चा : पाण्याची ‘वहनक्षमता’ म्हणावं का?

नदीकाठ
एका धरणाच्या जलाशयावर सहलीच्या किती बोटींना परवानगी द्यावी, यावरच्या अहवालाचं मराठी करायला घेतलं आहे. तो गावकऱ्यांच्या बैठकीत वाचला जाणार आहे. ‘कॅरिंग कपॅसिटी’ला मी ‘वहनक्षमता’ लिहिलं आणि मथळा केला, ‘जलाशयाची नौकाविहार वहनक्षमता’. आईला वाचून दाखवलं तर तिने विचारलं, “एका बोटीत किती माणसं बसवायची, तेच ना?” अहवालाचा विषय नेमका तो नाही. धारणक्षमता, भारक्षमता, सामावणक्षमता असे शब्द डोक्यात आहेत. तुम्ही कोणता घ्याल?

पाटकरी
‘वहनक्षमता’ घेऊ नका. पाटबंधाऱ्याच्या कामात तो शब्द आधीच गुंतलेला आहे. कालव्याची वहनक्षमता म्हणजे त्यातून सेकंदाला किती पाणी जाऊ शकतं ते. पुराच्या दिवसांत ‘भरावामुळे नदीची वहनक्षमता घटली’ असं आपण वाचतो, तिथेही अर्थ पाण्याचाच असतो, बोटींचा नाही. ‘धारणक्षमता’ पर्यावरणाच्या पुस्तकांत चालते, पण धरणाच्या गावात ती ऐकून लोक धरणात किती टीएमसी पाणी मावतं तेच विचारतील.

शब्दवेल
तुमच्या आईच्या प्रश्नात सगळी अडचण आली आहे. बोटीची क्षमता आणि पाण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे पहिलीचीच चर्चा होते. 18 जानेवारी 2024ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण बसवले होते. तो प्रश्न बोटीच्या क्षमतेचा. त्याच वर्षी 18 डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली. त्या स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. 15 जणांचे जीव गेले. लाँचमध्ये कितीही कमी उतारू असते तरी ती धडक टळली नसती. प्रवासी लाँच आणि वेगात वळणं घेणारी बोट एकाच वेळी एकाच पाण्यात का होत्या, हा प्रश्न पाण्याचा आहे. बोटीवर उतारूंची संख्या रंगवलेली असते. पाण्याची संख्या कुठल्याच धक्क्यावर लिहिलेली नसते, आणि ज्याला नाव नाही त्याची मागणीही कुणी करत नाही. म्हणून हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो.

इंग्रजीत या शब्दाचा प्रवास जहाजांपासूनच सुरू झाला. 19व्या शतकात तो जहाजात किती माल मावेल यासाठी होता, पुढे कुरणात किती गुरं चरू शकतील यासाठी वापरात आला. अमेरिकेत जे. ॲलन वॅगर यांनी 1964मध्ये तो रानात फिरायला येणाऱ्या माणसांना लावून पाहिला आणि तेव्हाच बजावलं की हा आकडा नुसता जमिनीकडे पाहून निघत नाही, त्या जागेकडून माणसांना काय हवं आहे तेही त्यात येतं. जहाजाला एक ठरलेली रेघ असते, तिच्यापुढे माल भरला तर ते धोक्यात येतं. तलावाला अशी रेघ नसते. ‘क्षमता’ म्हटलं की ती रेघ पाण्यातच आखलेली आहे आणि कुणीतरी यंत्राने मोजून आणेल, असं वाटतं. मला तो शब्द इथे नकोसा होतो तो यासाठी.

आपल्या क्रियापदांकडे पाहा. डब्यात लाडू मावतात. डोक्यावरचा हंडा पेलतो. पोटाला दूध सोसतं किंवा सोसत नाही. मावणं जागेचं आहे आणि लगेच दिसतं. पेलणं उचलणाऱ्याच्या ताकदीचं. सोसलं की नाही ते मात्र नंतर कळतं, कधीकधी फार उशिरा.

मावण्याचा हिशेब सोपा वाटतो. पाण्याचं क्षेत्र घ्यायचं, काठालगतचा पट्टा, उथळ भाग, पोहण्याची जागा आणि पाणी उपसण्याच्या विहिरीभोवतालचा भाग वजा करायचा, उरलेल्याला दर बोटीमागच्या एकरांनी भागायचं. खरी मेख त्या भाजकात आहे. वल्ह्याच्या होडीला थोडी जागा पुरते. माणसाला दोरीने ओढत नेणाऱ्या स्पीडबोटीला कितीतरी जास्त लागते, आणि दोन्ही एकत्र असतील तर त्याहून जास्त, कारण वेगातला फरकच धोका वाढवतो. समजा 300 एकर मोकळं पाणी आहे. बोटीमागे 10 एकर धरले तर 30 बोटी, 20 धरले तर 15. पाणी तेवढंच, एका गृहीतकाने आकडा निम्मा झाला. अहवालात तो भाजक कुणी आणि का निवडला, हे मराठीत स्पष्ट यायलाच हवं.

पेलण्यात धक्का, गाडीतळ, जीवरक्षक, गस्तीची बोट हे सगळं येतं. अमेरिकेतल्या अनेक तलावांवर लोक आपली बोट गाडीमागे जोडून आणतात, तेव्हा बोट पाण्यात सोडायच्या उतरणीपाशी ट्रेलर लावायच्या जागा किती ठेवायच्या, यावरून पाण्यातल्या बोटी आवाक्यात ठेवता येतात. आपल्याकडे बोटी तिथल्याच असतात, म्हणून ती युक्ती जशीच्या तशी लागू पडणार नाही.

सोसण्याचं म्हणाल तर उथळ पाण्यात बोटीचा पंखा फिरला की तळाचा गाळ उठतो, त्यातलं फॉस्फरस वर येतं आणि शेवाळाला खाद्य मिळतं. लाटांनी काठ ढासळतो. उजनी जलाशयाच्या काठी भिगवणला रोहित पक्षी उथळ चिखलात चरत असतात. बोट फार जवळ गेली की थवा उठतो, आणि चरायचा वेळ उडण्यात जातो. दिवसातून एकदा ते चालून जाईल. दर दहा मिनिटांनी नवी बोट आली तर त्यांना सोसणार नाही, जागा कितीही मोकळी दिसो.

तांडेलाची लेक
आमच्या देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे हा आकडा दिवसातून दोनदा बदलतो. भरतीला पात्र ऐसपैस, ओहोटीला वाळूचे पट्टे उघडे पडले की सगळ्या होड्या त्याच अरुंद पाण्यात. बाबा सुट्टीच्या दिवसांत म्हणायचे, “होडी वळवूक जागा रवली नाय.” आमच्याकडे मोजमाप हेच, होडी वळवता येते की नाही. आणि शब्दवेलताई, नुसत्या सहलीच्या होड्या मोजू नका. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची असेल तेव्हा किनाऱ्यालगतचं ते पाणी रापणकारांचं असतं, तिथे जेटस्की फिरली तर जाळ्याचं नुकसान ठरलेलं. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांची जागा आधी वजा करा, मग उरलेल्या पाण्यात पाहुण्यांच्या होड्या.

शब्दवेल
हे माझ्या वजाबाकीतून सुटलंच होतं. उथळ भाग आठवला आणि माणसं राहिली. नदीकाठ, जलाशयात मासेमारीचा ठेका किंवा गावकऱ्यांची तर (पैलतीरी नेणारी होडी) असेल तर तेही घालायला हवं.

नदीकाठ
तर आहे, रोजची. अहवालात तिचा उल्लेख नाही, मी बैठकीआधी विचारते. अजून एक : अहवालात चौथाही प्रकार आहे, लोकांना किती गर्दी चालेल तो. त्याला काय म्हणू?

शब्दवेल
‘खपणे’ बघा. ‘एवढी गर्दी मला खपत नाही’ असं आपण म्हणतोच. शांत बसायला आलेल्याला पाच बोटीही खपत नाहीत, बनाना राइडला आलेल्या टोळक्याला पन्नासही खपतात. अमेरिकेच्या वनखात्याच्या संशोधकांनी 1985मध्ये प्रश्नच फिरवला तो याच अडचणीमुळे. ‘किती जण?’ विचारण्याऐवजी ‘इथे किती बदल आपण चालवून घ्यायचा?’ असं त्यांनी विचारलं. म्हणून मथळ्यात मी ‘क्षमता’ टाळून ‘मर्यादा’ घेईन : ‘जलाशयावरील नौकाविहाराची मर्यादा’. मर्यादा कुणीतरी ठरवावी आणि पाळावी लागते.

पाटकरी
मर्यादा पटली. आता क्षेत्राचं बघा. अहवालात पूर्ण संचय पातळीचं, म्हणजे धरण पूर्ण भरलेलं असतानाचं क्षेत्र धरलं असेल तर आकडा फुगणार. धरण भरतं पावसाळ्याच्या शेवटी, तर उन्हाळी सुट्टीची गर्दी असते मे महिन्यात, पाणी सगळ्यात खाली गेलेलं असताना. उजनीत तर काही वर्षी तेव्हा पळसनाथाचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं. फुगवट्याची, म्हणजे धरणामागे दूरवर पसरलेल्या पाण्याची टोकं कोरडी होतात, बुडालेले बांध आणि खोडं पाण्याच्या जेमतेम खाली येतात. म्हणजे बोटी सर्वात जास्त तेव्हा पाणी सर्वात कमी.

नदीकाठ
आत्ताच पाहिलं. पूर्ण संचय पातळीचंच क्षेत्र आहे, आणि महिन्याचा कुठेच उल्लेख नाही. मथळा ‘मर्यादा’ केला. खाली चार ओळी घातल्या : किती मावतील, किती पेलतील, किती सोसतील, किती खपतील. आईने वाचलं आणि पहिलंच विचारलं, “सोसतील ते कुणाला?” तिथे आता ‘पाण्याला आणि पाखरांना’ जोडते. पाटकरी, मे महिन्यातलं क्षेत्र काढायला पातळी आणि क्षेत्राचा तक्ता धरणाच्या कार्यालयात मागावा का?

पाटकरी
हो, तिथेच मागा. लेखी अर्ज द्या, आणि मे अखेरच्या पातळ्या मागच्या दहा वर्षांच्या मागा, एका वर्षाच्या नको.